सुबोधचा शेवटचा राजीनामा

दुपारी जेवण झालं की माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की कचेरी दिसते, म्हणजे इथलं कोर्ट. खरी नाही. खरी कचेरी म्हणजे धूळ, स्कूटरी, टाइपवाल्यांची खटखट. माझ्या झोपेतली कचेरी अगदी शांत असते. कडुलिंबाची पानं पडत असतात आणि पडता पडता मध्येच हवेत थांबतात. पत्र्याच्या शेडखाली सुबोध बसलेला असतो, काळा कोट खुर्चीच्या पाठीला. मी म्हणते चल घरी, वरण गार होतंय. तो म्हणतो, अक्का, एक जण यायचाय अजून. मग मी पण बसते त्याच्याजवळ. कोण येणार आहे ते तो सांगत नाही आणि मी पण विचारत नाही, बसायला बरं वाटतं. तेवढ्यात दूधवाला भैया बेल वाजवतो.

सुबोध माझा धाकटा भाऊ. या चैत्रात गेला. मंडळाचा आदित्य म्हणाला, काकू, गणपतीच्या स्मरणिकेत काकांवर तुम्हीच लिहा. मी म्हटलं मी सातवी झालेली, मला कुठलं लिहिता येतं. तो म्हणाला जसं बोलता तसं मोबाइलवर दाबत जा, चुका मी बघीन. तर दाबते आहे.

आमचं घर झाशीला, खंडेराव गेटच्या आत. वडील, म्हणजे बापूराव, देवळात पूजा सांगायचे आणि नगरपालिकेत नोकरी करायचे. आई लवकर गेली म्हणून माझी शाळा सुटली आणि सुबोध माझ्या कडेवर आला. लहानपणी तो असा होता की शाळेत पाठवलं तर वाटेत उभा राहायचा. किल्ल्यावर घारी फिरतात ना, त्या बघत. मास्तर घरी यायचे विचारायला की मुलगा आजारी आहे का. मी शोधायला जायची तर हा चौकात, दप्तर खांद्याला, मान वर. मी कान धरला तरी मान खाली येत नसे. म्हणायचा, अक्का, ती बघ, पंख न हलवता कशी राहते.

असा मुलगा वकील होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. वकिलाचं तोंड चालावं लागतं. याचं तोंड जेवायला पण हळू चालायचं. पण वडिलांची इच्छा होती, इथेच कॉलेजात वकिली शिकला आणि एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली लागला. ते मिश्राजी त्याला सगळ्यांच्या समोर म्हणाले होते, "पंडितजी, तुम बोलते कम हो, सुनते ज़्यादा हो। भूखे मरोगे।" सुबोधनं घरी येऊन हे हसत सांगितलं आणि दुसरी पोळी मागितली.

भुकेनं नाही मेला, पण श्रीमंतही नाही झाला. त्याच्याकडे सगळे खेड्यातले लोक यायचे. भावाभावाची जमीन, विहिरीवरचं भांडण, सासर माहेर. त्याला ते दक्षिणी वकील म्हणायचे. इथे आपल्या लोकांना जुनी माणसं दक्षिणीच म्हणतात, दोनशे वर्षं झाली येऊन तरी दक्षिणी. तर ते लोक येऊन बसायचे आणि सुबोध ऐकायचा. मध्ये एक शब्द नाही. माणूस शिव्या देऊन देऊन थकायचा, मग रडायचा, मग आपणच म्हणायचा, अब का करें वकील साब, भइया तो हमाओई है, म्हणजे भाऊ तर माझाच आहे. मग सुबोध दुसऱ्या भावाला बोलवायचा आणि त्याचं ऐकायचा. असं करता करता राजीनामा व्हायचा.

आता हे राजीनामा नीट सांगावं लागेल, कारण ही स्मरणिका पुण्या-नागपुरालाही जाते. आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. इथल्या कचेरीत राजीनामा म्हणजे दोघं राजी झाले त्याचा कागद, समेट. नोकरी सोडायची तर इथे इस्तीफा म्हणतात. आम्ही इथलेच, आम्हाला दोन्ही कळतं. पण पुण्याच्या प्रेमला मावशी एकदा फोनवर होत्या, सुबोध काय करतो विचारलं, मी म्हटलं बरं चाललंय, या आठवड्यात तीन राजीनामे झाले त्याचे. तर मावशी म्हणाल्या, अगं बाई, होत्या तरी किती नोकऱ्या त्याला.

समाजाच्या कामात तो कधी अध्यक्ष झाला नाही. अध्यक्ष झालं की भाषण करावं लागतं म्हणायचा. पण झाशीला नवीन मराठी घर आलं, कारखान्यात बदली होऊन किंवा रेल्वेत, की हा त्यांना घ्यायला स्टेशनवर. घर शोधून द्यायचा, गॅसवाल्याकडे घेऊन जायचा, आणि पहिल्या दिवशीचं जेवण माझ्या डोक्यावर. मला सांगायचा पण नाही. दारात चार माणसं आणि दोन ट्रंका दिसल्या की मी समजून तांदूळ वाढवायची. आमटी एक चमचा तोंडात गेली की त्या बायकांचे डोळे भरायचे, आणि सुबोध खिडकीबाहेर बघत बसायचा, जणू त्यानं काही केलंच नाही. रविवारी देवळाच्या मागच्या खोलीत पोरांना मराठी शिकवायचा. पोरं सगळी हिंदीत बोलणारी. "सर जी, ळ बोलते समय जीभ कहाँ रखें?" तो म्हणायचा, वर नेऊन खाली पाड, पतंगासारखी. अर्धा तास सगळी पोरं ळ ळ करत बसायची आणि हा डोळे मिटून ऐकायचा. मला वाटतं झोपायचा पण थोडा.

झोपेत तो बडबडायचा. वकिली हिंदीत करायचा, रागवायचा तर बुंदेलीत, पण झोपेत मराठी. लग्न केलं नाही त्यानं. माझे मालक गेले तेव्हापासून मी आणि तो, खालच्या दोन खोल्या आमच्या आणि वरची एक पाहुण्यांसाठी. वर कोणी ना कोणी असायचंच. मागच्या थंडीत वर उर्वी होती.

उर्वी वर्ध्याची पोरगी. नवरा सुमेध कारखान्यात इंजिनीयर, तीन वर्षांपूर्वी बदली होऊन झाशीला आला, सोबत त्याची आई सुनीताताई. उर्वीला इथे शाळेत नोकरी लागली, गणिताची. सुनीताताईंना ते पसंत नव्हतं. सकाळ संध्याकाळ एकच, राजीनामा दे, राजीनामा दे. सून सकाळी जाते, संध्याकाळी येते, हे काय घर आहे. सुमेध कोणाच्याच बाजूनं बोलत नसे, ताटात बघत जेवायचा. गणपतीत आरतीच्या वेळी उर्वी देवळात आली ती बॅग घेऊनच. सुबोधनं काही विचारलं नाही. मला म्हणाला अक्का, वरच्या खोलीची किल्ली.

मग दिवाळीनंतर सुमेधच्या नावानं केस झाली की बायकोनं नांदायला यावं. वकील करायला सुनीताताईंनी लावलेलं, सही सुमेधची. उर्वीकडून सुबोध उभा राहिला. त्याची तब्येत तेव्हाच बरी नव्हती. जिना चढताना मध्ये थांबायचा आणि असं दाखवायचा की काही आठवतंय. डॉक्टरांनी कचेरी बंद करायला सांगितली होती. बाकी सगळी कामं त्यानं दुसऱ्यांना देऊन टाकली, हे एक ठेवलं. मी भांडले. तर म्हणाला ती पोरगी गाते गं अंघोळीला पाणी तापवताना. मी म्हटलं मग. तर म्हणाला, गाणारी माणसं दोन्हीकडून जायला नकोत, घरही नाही आणि नोकरीही नाही. हे एवढं झालं की मी झोपतो.

कोर्टानं दोघांना समझौत्याच्या खोलीत पाठवलं. तिथे जज नसतो, एक मध्यस्थ बाई असतात, दोन्हीकडचं ऐकून घेतात. तो दिवस धुक्याचा होता. जानेवारीत झाशीला असं धुकं पडतं की आपल्या गल्लीत आपणच पाहुणे. आम्ही रिक्षानं निघालो, इलाइट चौराहा आला कधी गेला कधी कळलं नाही, फक्त चहाच्या टपऱ्यांचे दिवे पाण्यात असल्यासारखे. उर्वीनं माझा हात धरला होता तो आत गेल्यावरही सोडला नाही, म्हणून मी पण आत बसले. कोणी हटकलं नाही. सुनीताताई समोर, शाल कानावरून. सुमेध मध्ये, पण खुर्ची दोघींपासून लांब ओढून.

मध्यस्थ बाई चांगल्या होत्या. उर्वीला विचारलं, पतीसोबत राहायचं आहे? ती हो म्हणाली. सुमेधला विचारलं, मार, दारू, दुसरं काही? काही नाही. पत्नी हवी आहे? त्यानं मान हलवली. बाईंना तर केस सोपीच वाटली. फाइल मिटली आणि म्हणाल्या, "फिर तो बस राजीनामा लिखवा लेते हैं। बहू दस्तखत कर दे और आज ही घर जाए।"

उर्वीनं माझा हात एकदम घट्ट दाबला. तिच्याकडे बघितलं तर चेहरा उतरलेला. मग माझ्या डोक्यात आलं. या पोरीनं घरात तीन वर्षं राजीनामा राजीनामा हेच ऐकलंय. सुबोध तिच्याशी मराठीत बोलायचा तेव्हा समेट म्हणायचा, कधी हा शब्द आलाच नाही. तिला वाटलं कोर्टच म्हणतंय, नोकरी सोड आणि घरी जा. आणि सुनीताताईंना पण तेच वाटलं. त्या शाल सावरून ताठ बसल्या, म्हणाल्या, बघा, मी एवढे दिवस काय वेगळं सांगत होते, आता कोर्टानं सांगितलं तर पटेल.

मध्यस्थ बाईंना मराठी येत नाही. त्या हसल्या, त्यांना वाटलं सासू खूश आहे.

मी तोंड उघडणार होते. सुबोधकडे बघितलं. त्याला कळलं होतं, मी त्याला ओळखते, त्याची भुवई थोडी वर गेली होती. पण तो बोलला नाही. टेबलावर ठेवलेला हात त्यानं असा हळूच पालथा केला, म्हणजे अक्का, थांब. आणि बाईंना म्हणाला मॅडम जी, ठंड बहुत है, दस मिनट, सब लोग चाय पी आएँ.

मला त्याचा इतका राग आला. पोरगी बाहेर बाकावर बसून रडत होती, आवाज न करता, नुसतं पाणी. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि जिभेच्या टोकावर आलेलं गिळत होते. म्हणाली, अक्का, मुलांचे पेपर तपासायचे राहिलेत. बस एवढंच. सुबोध थोडा पुढे कडुलिंबाखाली उभा, हातात चहाचा मातीचा कुल्हड, धुक्यात अर्धा दिसे अर्धा नाही. तो ऐकायला उभा राहिला की तसाच दिसायचा, झाडाचा भाग झाल्यासारखा.

सुमेध टपरीवरून आईसाठी चहा घेऊन चालला होता. चालता चालता थांबला. चहा तसाच हातात, वळला आणि सुबोधकडे आला. मला सगळं ऐकू येत होतं, आवाज धुक्यात लांब जातो.

म्हणाला, "काका, तो कागद करू नका."

सुबोध म्हणाला, "का रे? तुझीच तर केस आहे."

"केस मी मागे घेतो. पण तिला राजीनामा द्यायला लावू नका."

"मग ती घरी कशी येईल?"

 चहा सुमेधच्या बोटावर सांडला तरी लक्ष नाही. मग म्हणाला, "नोकरी सोडून आली तर उर्वी नाही येणार. दुसरीच कोणीतरी येईल. मला ती नकोय."

माझ्या हाताखालची उर्वीची पाठ हलायची थांबली.

सुबोध म्हणाला, "मला कशाला सांगतोस. मी तर पलीकडच्या बाजूचा वकील. ज्यांना सांगायचं त्या तिथे बसल्यात, गार होतोय त्यांचा चहा."

तो गेला. सुनीताताई पायरीवर होत्या. त्यानं चहा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या समोर उकिडवा बसला, लहान मुलासारखा. हळू बोलला, ते सगळं मला ऐकू आलं नाही. पण सुनीताताईंचं आलं. त्या आधी म्हणाल्या, बायकोनं फिरवलं तुला. मग म्हणाल्या, मग मीच वाईट ना सगळ्यात.  आणि मग जे म्हणाल्या ते मी अजून विसरले नाही. म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाता. मी दार लावते. भाजीवाला काय बोलतो मला कळत नाही. संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत माझा आवाज मी ऐकलेला नसतो रे."

तेव्हा उर्वी माझ्याजवळून उठली. डोळे पुसले, ओढणी नीट केली आणि त्या दोघांजवळ जाऊन उभी राहिली. बसली नाही लगेच. उभी राहिली, मग सुनीताताईंनीच शालीचं टोक ओढून पायरीवर जागा केली.

चहाची दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. शिपाई एकदा बोलवायला आला तर सुबोधनं त्याला पण हातानंच थांबवलं. मग सावकाश पायरीपर्यंत गेला, कठड्याला धरून, आणि त्यांना त्या शब्दाचं सांगितलं. की इथे राजीनामा म्हणजे समेट. नोकरीचं कोणी काही बोललेलंच नाही.

तिघं त्याच्याकडे बघतच राहिले. सुमेध हसला. सुनीताताई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला आत असतानाच माहीत होतं?"

"हो ताई."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? वकील आहात की कोण?"

तो म्हणाला, "तुम्ही तिघं एकमेकांशी बोलाल असं वाटलं. मी मध्ये बोललो असतो तर परत माझ्याशीच बोलला असता."

सुनीताताई म्हणाल्या, मोठे लबाड आहात. पण रागानं नाही.

मग आत जाऊन कागद झाला. आता तोही सांगते. सुबोध सांगत होता आणि टाइपवाला लिहीत होता. पहिलंच वाक्य, की उर्वी नोकरी सोडणार नाही. सुनीताताई म्हणाल्या तसं नको, नीट शब्दात लिहा, राजीनामा देणार नाही असं. सुबोध म्हणाला ताई, राजीनाम्यात राजीनामा देणार नाही लिहिलं तर जजसाहेब आपल्या दोघांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. टाइपवाल्याला काही कळेना की हे दक्षिणी लोक का हसतात. शेवटी इस्तीफा देणार नाही असं लिहिलं. दुसरं असं लिहायचं होतं की सुनीताताई दुपारी एकट्या राहणार नाहीत. ते म्हणे कोर्टाच्या कागदात बसत नाही. मी म्हटलं नका लिहू, माझ्याकडे येत जातील, मी तरी दिवसभर भिंतींशीच बोलते. तर ते कागदात नाही पण झालं. येतात अजून. भाजीवाल्याशी भांडायला मी शिकवलं त्यांना, आता माझ्यापेक्षा चांगल्या भांडतात.

सही करताना उर्वीनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सुबोध म्हणाला वाच, घाई नाही. ती सही करून उठली आणि तशीच शाळेत गेली, दुपारचे तास बाकी होते. सुमेधनं तिला स्कूटरवर नेलं. थोडं अंतर गेल्यावर धुक्यात स्कूटर दिसेना, फक्त आवाज राहिला, मग तो पण नाही.

घरी आलो तेव्हा ऊन आलं होतं, फिकं, दुधासारखं. सुबोध कोट न काढताच पलंगावर आडवा झाला. मी पायातले मोजे काढले त्याच्या. माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, पोरगी किती रडली, तुला बघवलं कसं. तो म्हणाला नाही बघवलं, म्हणून तर झाडाकडे तोंड करून उभा होतो.

मी म्हटलं, आणि तो पोरगा बोललाच नसता तर?

"तर मी राजीनामा होऊ दिला नसता."

मी म्हटलं, कोणता?

"दोन्ही," म्हणाला आणि कुशीवर वळला. कोट काढ म्हटलं तर हूं म्हणाला. मग डोळे मिटले त्यानं, आणि मी पायावर रजई घालून तिथेच बसले. बऱ्याच वेळानं झोपेत काहीतरी बोलला, मराठीत, मला नीट लागलं नाही. कोणाला तरी बस म्हणत होता, घाई नाही म्हणत होता.